यमुनाबाईंच्या फरशीखाली

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती यमुनाबाईंना मावशी म्हणायची, तिला कुठल्या तोंडानं सांगू?

गोंदियाजवळच्या आमच्या वसाहतीचा आराखडा माझा. पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारी हरित पट्टी, पाणी झिरपणाऱ्या फरश्या, शोषखड्डे — माहितीपत्रकात माझा फोटोसुद्धा छापला होता. भाव खाल्ला मी, खोटं कशाला बोलू? जागा मात्र जुन्या बोडीची. धानाला पाणी द्यायला आमच्याकडे शेतातच छोटं तळं बांधतात, ती बोडी; तिच्या पाळीखालून पाणी सोडायची वाट म्हणजे तुडुम. हरित पट्टी त्या तुडुमावरूनच जायला हवी होती. पण तिथे एक प्लॉट निघत होता, आणि फाटकाजवळ पट्टी उठून दिसत होती. मी पट्टी हलवली. तुडुमाच्या तोंडात काँक्रीट ओतून घेतलं — आणि वर घर उभं केलं.

ते घर यमुनाबाईंच्या मुलाने घेतलं.

भर मे महिन्यात त्यांच्या स्वयंपाकघराची फरशी गार असायची. कोरड्या अंगणात बगळे येऊन उभे राहायचे — तासन्‌तास, घोटाभर पाण्यात उभे असल्यासारखे. दुपारी सामसूम झालं की बाई फरशीला कान लावायच्या. एकदा मला बोलावून म्हणाल्या, "बाबू, खाली पानी चालून रायलं."

मीही वाकलो. ऐकलं — कोणीतरी सावकाश घोट घेत होतं खाली. आणि उठून मी मुलाला काय सांगितलं? खाली कोरडा मुरूम आहे, आईंना भास होतात, डॉक्टरला दाखवा. खरं बोललो असतो तर फरशी फोडावी लागली असती, आणि माझं नाव बुडालं असतं. एवढंच.

गोळ्या सुरू झाल्या. बाई दिवसाही झोपून राहू लागल्या. जाग्या असल्या तर फरशीवर पाय ठेवायला घाबरायच्या. शेवटी मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. तिथेच त्या वारल्या.

पण निघायच्या दिवशी — गाडीत बसता बसता त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "तुमचंच बरोबर होतं बाबू. काई नोहोतं खाली. माह्यंच डोस्कं फिरलं."

मी हो म्हणालो.