तिरक्या काचेचा साक्षात्कार

माझं चष्म्यांचं दुकान आहे, आणि मागच्या वर्षी पाच तास मला विश्वाचं रहस्य कळलं होतं. दुकानाबद्दल कोणी विचारलं तरच मी सांगतो. रहस्याबद्दल मात्र महिनाभर न विचारता सांगत सुटलो होतो.

फोटो स्टुडिओवाल्या मित्राने मला टेकडीवरच्या एका घरी नेलं. तिथे मानसोपचार करणाऱ्या एक बाई मोजक्या लोकांना भास घडवणारं एक खास मशरूम द्यायच्या आणि दिवसभर शेजारी बसून राहायच्या. डोळ्यांवर पट्टी बांधून मी गादीवर आडवा झालो. थोड्या वेळाने पट्टीआड असे रंग उसळले, की इतकी वर्षं मी लोकांना नक्की काय दाखवत होतो हा प्रश्नच पडला. मग दादा दिसला.

दादाशी मी आठ वर्षं बोललो नव्हतो. आमचं दुकान एकत्र होतं तेव्हा एकदा तो गिऱ्हाइकासमोर म्हणाला, की धाकट्याच्या हाताला घाई फार, त्याने बसवलेली काच मला तपासावी लागते. मी त्याच दिवशी माझी हत्यारं उचलली आणि दोन गल्ल्या सोडून वेगळं दुकान थाटलं. गादीवर मात्र मी ढसाढसा रडलो आणि मोठ्या मनाने दादाला माफ करून टाकलं. दादाला याची अर्थात काही कल्पना नव्हती.

निघताना बाई म्हणाल्या, "जे दिसलं, त्यातलं एक छोटं काम निवडा. कोणाला काही सांगण्याआधी ते करा."

दादाला भेटणं सोडून मी बाकी सगळं केलं. चहा सोडला. सकाळी गच्चीत डोळे मिटून बसू लागलो. अहंकार कसा विरघळतो हे सासऱ्यांना इतक्या तोऱ्यात सांगितलं, की ते जेवण अर्धवट टाकून उठले. बायको भांडी घासत होती तेव्हा तिला या क्षणात कसं जगायचं ते समजावलं. तिने माझ्या हातात फडकं दिलं आणि पुसायला लावलं.

त्याच दिवसांत वाचनालयाच्या बाईंनी गोल फ्रेमचा चष्मा करायला टाकला. त्यांचा नंबर तिरपा, म्हणजे काच ठरलेल्या कोनातच बसायला हवी. चौकोनी फ्रेममध्ये काच जागची हलत नाही, गोल फ्रेममध्ये कशीही फिरते. म्हणून पेनाने खूण करायची आणि बसवल्यावर दोनदा तपासायची. मी एकदाही तपासली नाही, कारण काच बसवताना मी स्वतःच्या श्वासाकडे लक्ष देत होतो.

चष्मा नेल्यावर दोन दिवसांनी बाई परत आल्या आणि जमीन कललेली दिसते म्हणाल्या. अशा वेळी चष्मेवाल्याने चष्मा हातात घ्यायचा असतो. मी मंद हसलो. सरळ जमीन ही निव्वळ मनाची सवय आहे, जग जसं दिसतंय तसं स्वीकारून बघा, असं सांगितलं. बाई सज्जन. आठवडाभर भिंत धरून त्यांनी जग स्वीकारलं आणि वाचनालयाच्या जिन्यावर पाय मुरगळून घेतला.

मग त्या दादाकडे गेल्या. दादाने दहा मिनिटांत काच सरळ करून दिली. हे त्यांनीच लंगडत येऊन मला सांगितलं, तेही न रागावता. दादा काही म्हणाला का, असं मी चाचरत विचारलं.

"तुमची तब्येत बरी आहे ना, एवढंच विचारलं त्यांनी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दुकान बंद केलं, घरी गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं.

"माफ केलंस ना दादांना?" ती म्हणाली. "आता माफी मागून ये."

दोन गल्ल्या चालायला मला पाऊण तास लागला. वाटेत मी एक भाषण तयार केलं. त्यात विश्व होतं, एकरूपता होती. दादाने काउंटरवरून मान वर केली आणि मला त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"दादा, तू तेव्हा म्हणालास ते खरं होतं."

दादा माझ्या चष्म्याकडे बघत राहिला. तो त्यानेच करून दिलेला होता, आठ वर्षांपूर्वीचा. त्याने मला तपासणीच्या खुर्चीवर बसवलं, नाकावर जड फ्रेम चढवली, समोरच्या तक्त्यावरचा दिवा लावला आणि एकामागून एक काचा बदलू लागला.

"हे नीट दिसतं, की हे?"

मला दोन्हींत काही दिसत नव्हतं. अक्षरं सगळी पाण्यात गेली होती. दादाने हातातली काच खाली ठेवली आणि रुमाल पुढे केला.

"पूस आणि परत बघ. घाई नाही."