आत्याचा डावा डोळा

आमच्या गावातली गेलेली सगळी माणसं एकाच आभाळाखाली राहतात. फिकट निळं आभाळ, त्यात फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखे ढग आणि खाली छातीपर्यंत दिसणारा माणूस. गोंडपिपरीच्या फोटोवाल्या भाऊंनी ते आभाळ कधीतरी कॉम्प्युटरमध्ये घेतलं, आणि तेव्हापासून आसपासच्या गावांत जो गेला तो त्या आभाळात जाऊन बसला. कोणाच्याही घरात शिरा, भिंतीवर तेच आभाळ. मला वाटायचं, ही माणसं तिथे एकमेकांना लागूनच बसत असतील, अंगणात बसावं तशी. नवं कोणी आलं की जरा सरकून जागा देत असतील.

धान कापणीच्या दिवसांत माझी आत्या गेली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच काळात नवरा वारला आणि ती माहेरी परत आली. तोवर माझी आजीही गेलेली, बाबा रांगत होते. तिनेच त्यांना वाढवलं. बाबा तिला 'बाई' म्हणत. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण ती समोर बसलेली असली की ताटात शीतसुद्धा ठेवत नसे.

तिचा डावा डोळा बारीक होता. लहानपणी धानाचं कुसळ गेलं होतं, तेव्हापासून पापणी अर्धी खाली उतरलेली. हसू यायच्या आधी तो डोळा पूर्ण मिटायचा आणि मग ओठ हलायचे. ती हसणार हे आम्हाला तिच्याआधी कळायचं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तिचा फोटो हवा होता. घरात शोधलं तर कुठेच नाही. लग्नांत फोटो निघायचे तेव्हा ती नेहमी स्वयंपाकाकडे असायची. राहिलं आधार कार्ड. त्यावरचा चेहरा धुरातून पाहिल्यासारखा. मी चंद्रपूरला शाळेत शिकवते, तेव्हा रजा घेऊन गावी आले होते. कार्ड घेऊन मीच गोंडपिपरीला गेले.

भाऊंनी मन लावून काम केलं. चेहरा उजळला, सुरकुत्या पुसल्या, अंगावर काठाची हिरवी साडी चढवली. शेवटी उजवा डोळा उचलून डावीकडे बसवला. दोन्ही डोळे सारखे झाले.

"भाऊ, तिचा हा डोळा बारीक होता," मी म्हणाले.

"मले मालूम आहे ना ताई. बाजारात नेहमी पाहत होतो तिले," ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "जितेपणी तिनं कोनतं सुख पाह्यलं? आता तरी चांगली दिसू द्या."

मी पैसे दिले आणि फोटो घेऊन निघाले.

घरी बाबांनी फोटो हातात घेतला, दारातल्या उजेडात नेऊन बराच वेळ पाहिला.

"कोन हाय हे?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. खरंच ओळख पटत नसल्यासारखं. मग फोटो खाटेवर ठेवून ते शेताकडे निघून गेले.

त्याच फोटोसमोर मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. आलेले सगळे म्हणाले, फोटो मस्त निघाला. बाबा मात्र मागे भिंतीला टेकून बसले होते, दुसऱ्या कोणाच्या कार्यक्रमाला आल्यासारखे.

चंद्रपूरला परकोटाच्या आत, एका गल्लीत माडीवर एक म्हातारे फोटोवाले आहेत. आमच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा त्यांनी काढलेला फोटो शाळेत लावलेला आहे. काळापांढरा, अर्धा चेहरा अंधारात. काही लोक म्हणतात, हा कसला फोटो, अर्धी बाई दिसतच नाही. पण मी त्या फोटोसमोर अनेकदा थांबले आहे. वर्गातून पोरांचा आवाज येत असावा आणि बाई एकट्याच ऐकत असाव्यात, असा तो चेहरा आहे. मी त्या म्हाताऱ्या फोटोवाल्यांकडे कार्ड घेऊन गेले.

"कार्डावरून मी नाई करत," ते म्हणाले. "मले समोर मानूस लागते."

"माणूस तर गेला ना भाऊ."

त्यांनी कार्ड परत माझ्या हातात दिलं. "तिले सगळ्यात जास्त कोनं पाह्यलं?"

"माझ्या बाबांनी."

"मंग त्यायले आना."

थंडी पडल्यावर एका रविवारी बाबा आले. सकाळचं धुकं आणि वीज केंद्राचा धूर एक झाला होता. शहर आहे की नाही तेही कळत नव्हतं. माडीवर एकच खिडकी. तिच्यातून दुधासारखा उजेड आत येत होता आणि फरशीवर पोचायच्या आधीच थकत होता. बाबा धुतलेला पांढरा शर्ट घालून स्टुलावर बसले. हनुवटी वर, हात गुडघ्यांवर.

म्हाताऱ्या भाऊंनी कॅमेऱ्याला हातच लावला नाही. तुरीच्या ओल्या शेंगांची टोपली आणून मधे ठेवली आणि म्हणाले, "घरी सोल्याची भाजी सांगितली आहे. जरा हात लावता काय?"

दोघं शेंगा सोलू लागले. मी कोपऱ्यात बसले. बोलणं धानावर गेलं, मग रानडुकरांवर, मग बाबांनी आपणहून बाईचा विषय काढला. ती शेताच्या धुऱ्यावर उभी राहून कशी हाक मारायची, नाल्यापलीकडे ऐकू जायची. बाबा लहानपणी चिखलात पडले की आधी रागवायला यायची आणि जवळ आली की राग विसरायची. त्या खोलीत वेळ कुठे गेला कळलं नाही. खिडकीतलं धुकं आत येऊन आमच्यात बसलंय असं वाटत होतं. भाऊंनी शेंगा सोलता सोलता कॅमेरा कधी मांडीवर घेतला, तेही मी पाहिलं नाही.

"आन हासाची कशी?" त्यांनी विचारलं.

"अशी," बाबा म्हणाले. त्यांनी मान जराशी कलती केली, डावा डोळा मिटला.

बारीकसा आवाज झाला. स्टुलावर क्षणभर बाबा नव्हतेच.

"काढला काय?" बाबांनी डोळा उघडून विचारलं.

"निंगाला," भाऊ म्हणाले आणि पुन्हा शेंगांकडे वळले.

फोटो तयार झाल्यावर मी तो गावी नेला. उजवी बाजू अंधारात बुडालेली. उजेडात फक्त मिटलेला डोळा, गालाचं हाड, हसू यायच्या बेतातले ओठ आणि शर्टाची पांढरी कॉलर. बाबांनी तो दारातल्या उजेडात नेला.

"बाई," ते म्हणाले. मग खूप वेळाने, "पन हा तं मी आहो."

ते रडले नाहीत. बोटाने हळूच त्या गालावरची धूळ पुसली, धूळ नव्हतीच. फोटो त्यांनी आतल्या खोलीत, आत्याची खाट होती तिथे लावला.

संध्याकाळी शेजारची म्हातारी आली. ती आणि आत्या जन्मभर सोबतीने धानाच्या रोवणीला गेलेल्या. आता तिला नीट दिसत नाही. भिंतीजवळ जाऊन ती फोटोला नाक लावून उभी राहिली.

"अवो माय! बाईचा फोटो कवा काढला?" ती म्हणाली. मग जरा गोंधळली. "पन तिनं शर्ट काऊन घातला?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी तिला बसायला खाट पुढे ओढली.

"थंडी होती," ते म्हणाले.