गोळ्यांविरुद्धचं माझं पत्रक

आमच्या घरात, कामगारांसाठी पत्रकं काढणाऱ्या वडिलांनी घातलेला एक नियम होता. पत्रक छापायला देण्याआधी ते जेवताना मोठ्यानं वाचायचं, आणि छापून आलं की त्यातलं प्रत्येक वाक्य आधी आपल्या घराला लागू करायचं. वडील गेल्यावर शहाडच्या दोन खोल्यांत आई आणि मी उरलो, आणि हा नियम.

आई कल्याणमधल्या एका वर्कशॉपमध्ये शिलाई मशीनवर बसायची. बारा तास, डोक्यावर ट्यूबलाइट. तिला मायग्रेन होतं. महिन्यातले आठ-दहा दिवस कुणीतरी तिचं अर्धं डोकं पहारीनं फोडत असायचं. वडिलांमागे दुसरंही सुरू झालं. भाजी चिरता चिरता सुरी हातात धरून ती तासभर तशीच बसायची. नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रोजची एक गोळी दिली, डोक्यासाठी आणि मनासाठीही. चार महिन्यांत आई शेजारणीशी पाण्यावरून भांडायला लागली, म्हणजे बरी होत होती.

मला ते दिसलं नाही. मला दिसला वर्कशॉपच्या सुपरवायझरचा ड्रॉवर. त्यात वेदनाशामक गोळ्या भरलेल्या असत. बाई डोकं धरून बसली की तो एक गोळी टेबलावर आपटायचा, "घे, आणि लॉट संपव." मी पेटले, वडिलांसारखीच पत्रक लिहायला बसले. पत्रकात ड्रॉवरबद्दल लिहिलं ते सगळं खरं होतं. पण राग तिथं थांबेना, म्हणून शेवटी लिहिलं : गोळी डोक्याची असो की मनाची, ती कामगाराच्या तोंडात कोंबलेला बोळा आहे. थुंकून टाका.

आईनं जेवता जेवता ऐकलं. "जोरदार झालंय," म्हणाली, आणि आणखी भात घेतला.

दीड महिन्यानं, एका रविवारी दुपारी मी घरी आले तर ती स्वयंपाकघरात झाडूच्या दांड्यानं ट्यूबलाइट फोडत होती. मळलेल्या कणकेत काचा पडलेल्या.

"हा उजेड मारतोय मला," ती म्हणाली.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. तिनं कुकर शेगडीवरून उचलून मोरीत आपटला आणि कपाळ भिंतीवर हाणायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. तो आवाज नारळ फुटतो तसा होता. मी मागून तिला कवटाळलं. तिचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, ओठ फाटला. माझं रक्त तिच्या मानेवर सांडत होतं आणि मी तिच्या कानात ओरडत होते, "गोळी घेतलीस का? आज गोळी घेतलीस का?"

"कुठली? बोळा?" ती हसली. "तूच म्हणालीस ना गं, थुंकून टाका. टाकलं."

मग ती भिंतीला टेकून खाली बसली. "सकाळी उठलं की मरावंसं वाटतं," भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली. "डोकं दुखायला लागलं की तेवढंही सुचत नाही. मग डोकं थांबलं की परत तेच."

मी फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता घेऊन या, रस्त्यात एकटं सोडू नका.

"औषध बंद करायला कुणी सांगितलं?" नौपाड्याच्या दवाखान्यात त्यांनी आईला विचारलं.

"माझं मीच," आई म्हणाली.

"मी सांगितलं," मी म्हणाले. "छापून."

त्यांनी माझ्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं. रागावल्या नाहीत, त्याचाच मला राग आला. म्हणाल्या, "ही दोन दुखणी एकमेकांना उठवतात. एक जागं असलं की दुसऱ्याला झोप नाही. आणि हे औषध असं एकदम तोडायचं नसतं."

आईनं त्याच दिवशी गोळी पुन्हा सुरू केली. पण जिना उतरताना थांबली. "आणि माझ्यासारखी अजून कुणी थुंकली असेल तर?"

"आई, माफीचं पत्रक कुणी काढतं का? तो सुपरवायझर हसेल."

"हसू दे. तुझं नाक मोठं का त्या बायका?"

तीन दिवसांनी आम्ही दोघी वर्कशॉपच्या गेटवर उभ्या राहिलो. नव्या पत्रकात ड्रॉवरबद्दलची एकही ओळ मी मागे घेतली नव्हती. मनाच्या गोळ्यांबद्दल मी चुकले आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही औषध सोडू नका, हे वर मोठ्या अक्षरांत होतं. सुपरवायझरनं वाचलं. "काय मॅडम, पार्टी बदलली?"

मी त्याच्या अंगावर जाणार होते. तेवढ्यात काजं-बटणांवर काम करणारी एक बाई कागद हातात धरून माझ्यासमोर थांबली. वाचून झालं तरी हलेना.

"मी पण सोडल्यात, ताई," ती हळूच म्हणाली. "म्हटलं, शिकलेली पोरगी लिहिते, बरोबरच असेल."

"किती दिवस झाले?"

तिला सांगता येईना. मी तिचा हात धरून तिला रिक्षा स्टँडकडे नेलं. उरलेला गठ्ठा आई वाटत राहिली, काळा चष्मा लावून, कारण तिचं डोकं अजून दुखतच होतं.