चौकोनांची भावकी

आमच्या ऑफिसच्या जुन्या कोडमधून एका टूलने क्लास डायग्राम काढून दिला: कोडच्या भागांचे चौकोन आणि त्यांची नाती दाखवणाऱ्या रेघा. तो छापून देणारे दुकानातले काका चष्मा कपाळावर सरकवून, कागदाला न लागता रेघांवरून बोट फिरवत राहिले.

"लई मोठी भावकी हाय की! आणि ह्येला कुणीच न्हाय व्हय?" बोट एका सुट्या चौकोनावर थांबलं.

"नाही. काढूनच टाकणार आहे," मी पुटपुटले.

"कागदावर रेघ न्हाय म्हणून कोण तोडतंय व्हय, ताई? आधी घरात इचारा."

परत जाऊन मी कोडभर त्याचं नाव शोधलं. टूल वाचत नाही अशा एका फाइलीत ते सापडलं. रोजचा बॅकअप त्याच्याच जिवावर चालत होता.

मी हाताने रेघ ओढून कागद काकांना दाखवायला नेला.

"गावलं व्हय घर?"

आयुष्यात पहिल्यांदाच मी काकांच्या बोलीत, मोठ्याने म्हणाले, "व्हय!"