नव्वद टक्क्यांवर अडलेली पट्टी

त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. आमच्याकडे तो नव्वद. हे नाव मीच ठेवलं आणि मला त्याचं मोठं कौतुक होतं. कधीही विचारा, "काय रे, किती झालं?" हा खुर्ची अर्धी वळवणार, चष्मा वर ढकलणार आणि म्हणणार, "नव्वद टक्के झालंय, ताई." सोमवारी नव्वद, गुरुवारीही नव्वद.

मी टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. माझ्या सासूबाई हे काम जन्मभर फुकट करत आल्यात, त्यामुळे घरी माझ्या नोकरीची कोणाला फारशी किंमत नाही.

एकदा नव्वदच्या घरी गेले होते. स्वयंपाकघरात त्याने स्वतः केलेलं कपाट होतं. काय सुबक काम! फक्त दारांना मुठी नव्हत्या. बायको सुरीचं टोक घालून दार उघडत होती.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "सांगून सांगून तोंड दुखलं माझं."

आतल्या खोलीतून नव्वदचा आवाज आला, "अगं, मूठ गोल हवी की लांब ते तू सांगणार होतीस."

"मी? मला कधी विचारलंस?"

"कपाटावर चिठ्ठी लावलीय की."

चिठ्ठी खरंच होती. दाराच्या आतल्या बाजूला, डाळीच्या डब्यामागे. मी हसून हसून बेजार झाले, आणि पुढचे चार दिवस ऑफिसात तो किस्सा तिखटमीठ लावून सांगत सुटले.

तेव्हा आम्ही एका हॉस्पिटलसाठी सॉफ्टवेअर करत होतो. कुठल्या पेशंटला कुठली गोळी किती वाजता द्यायची, ते नर्सना सांगणारं. आम्ही चौघं आणि आमचे साहेब. एक दिवस साहेबांना हुक्की आली, की कोणाचं काम कुठवर आलंय ते सगळ्यांना दिसलं पाहिजे. खोटं कशाला बोलू, विचार चांगला होता. आम्ही एकमेकांना कोपर लागेल इतके जवळ बसायचो आणि शेजारचा काय करतोय ते कोणाला ठाऊक नसायचं. मग भिंतीवर मोठा स्क्रीन लागला. प्रत्येकाची एक पट्टी. काम पुढे जाईल तशी ती हिरवी भरत जायची. दोन दिवस हलली नाही की पिवळी, चार दिवस हलली नाही की लाल. स्क्रीन सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण टेस्टरकडे वेळच वेळ असतो असा साहेबांचा समज. जळला मेला तो समज!

पट्टी ज्याची त्याने सरकवायची होती, आणि इथेच माशी शिंकली. साहेब लिफ्टमधून बाहेर पडायच्या आत सगळ्या पट्ट्या दोन बोटं पुढे गेलेल्या असायच्या. आमच्यातली एक, तिला आम्ही झटपट म्हणतो, पहिल्याच आठवड्यात शंभरावर पोचली. मी तिचं काम उघडून बघितलं, तर सेव्हचं बटण दाबलं की पेशंटच गायब!

"अगं बाई, हे शंभर?"

"मग काय ताई, बटण तर आहे ना!"

दुसरा आमचा हेडफोन. कानावरचा हेडफोन न काढता हा रोज पाच टक्के पुढे. मला वाटलं, किती नियमाचा माणूस. एका रविवारी घरून सहज बघितलं तर ऑफिसला कुलूप आणि पट्टी इकडे सरकतेय. पट्टी आपोआप सरकवणारा छोटासा प्रोग्रॅमच त्याने लिहून ठेवला होता. तो मात्र बिनचूक चालत होता.

नव्वदची पट्टी नव्वदवर गेली आणि तिथेच ठाण मांडून बसली. आधी पिवळी झाली, मग लालभडक. पाणी प्यायला जाणाऱ्या-येणाऱ्याला पहिली तीच दिसायची. साफसफाईच्या मावशींनीसुद्धा मला हळूच विचारलं, "ह्या माणसाला बरं नाही का हो?"

सोमवारी साहेबांनी त्याला काचेच्या खोलीत बोलावलं. तिथलं ऐकू काही येत नाही, दिसतं मात्र सगळं. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा एवढासा झाला होता. मग त्यानेच सांगितलं, शुक्रवारी कंपनीच्या मालकीणबाई येणार होत्या. तोवर पट्टी शंभरावर गेली नाही, तर याची रवानगी मागच्या इमारतीत, जुनेपुराणे प्रोग्रॅम ठिगळं लावून चालवणाऱ्या खोलीत. त्या खोलीतून कोणी परत आलेलं मी पाहिलं नाही. राजीनामे तेवढे आलेले पाहिलेत.

"मग सरकव ना बाबा पट्टी! सगळेच सरकवतात."

"झालेलं नाही, ताई."

"अरे, कोण बघायला बसलंय?"

"झालेलं नाही," तो म्हणाला आणि पाठ फिरवून बसला. मला असा संताप आला! म्हटलं, बस मग तसाच, हटवादी मेला.

गुरुवारी साहेब माझ्या टेबलाशी आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, उद्यापुरती त्याची पट्टी तुम्हीच शंभर करून टाका. बाईंसमोर लाल बरं नाही दिसत. सोमवारपासून तो तिकडे जातोच आहे."

म्हणजे काम पूर्ण झालं म्हणून दाखवायचं आणि झालं नाही म्हणून माणूस घालवायचा! तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाने मात्र मी "बघते" एवढंच म्हटलं. माझ्या नवऱ्याला विचारा, माझं "बघते" म्हणजे काय असतं ते.

उठले आणि नव्वदच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "खरं सांग, कुठे अडलंय?"

त्याने खुर्ची पूर्ण वळवली. "दोन वाजताची गोळी आहे, आणि नेमकं दोन वाजता पेशंटला एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात हलवतायत. गोळी कोणी द्यायची? दोन्हीकडच्या नर्सना आपला प्रोग्रॅम 'द्या' म्हणतोय. दोघींनी दिली तर? हृदयाची गोळी असली तर?" त्याने चष्मा वर ढकलला. "हॉस्पिटललाच विचारायला हवं. साहेबांना मेल पाठवलाय. आठ दिवस झाले."

"आणि पुन्हा विचारलं नाहीस?"

"मेल पाठवलाय ना."

याच्यापुढे हात टेकले. पण मग मी उरलेल्या दोघांनाही कॉफीच्या मशीनपाशी गाठलं. झटपट हळूच म्हणाली, तिचं काम नव्वदच्या उत्तराशिवाय पुढे जात नाही. हेडफोन झटपटसाठी थांबलेला. आणि मी सगळ्यांसाठी.

शुक्रवारी सकाळी स्क्रीनवर मी टक्के काढून टाकले. प्रत्येक पट्टीपासून एक बाण काढला, ज्याच्यासाठी काम थांबलंय त्याच्याकडे जाणारा. सगळे बाण फिरून फिरून साहेबांपाशी पोचले. साहेबांनी सगळ्यांच्या पट्ट्या लावल्या होत्या, स्वतःची तेवढी विसरले होते. मी लावली. कोरी.

बाई आल्या. ठेंगण्या, खांद्याला कापडी पिशवी, चष्मा केसांत खोचलेला. स्क्रीनसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. "ही कोरी पट्टी कोणाची?"

साहेबांचे कान लाल झाले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि घसा साफ केला. "बाई, दोन वाजताच्या गोळीबद्दलचा मेल मी आला त्याच दिवशी तुम्हाला पुढे पाठवला होता. हॉस्पिटलशी तुम्हीच बोलता म्हणून."

माझे हात शिवशिवत होतेच. मी साहेबांच्या पट्टीपासून आणखी एक बाण काढला, बाईंकडे जाणारा. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. मग त्यांनी चष्मा नाकावर घेतला, फोनमध्ये खाली खाली जात राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई! उघडलाच नाही की मी." तिथल्या तिथे त्यांनी हॉस्पिटलच्या मुख्य नर्सला फोन लावला, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"पेशंट ज्या खाटेवर, गोळी त्या खाटेच्या नर्सने द्यायची," पलीकडून आवाज आला. "आधीच्या वॉर्डाने दिली असेल तर पेशंटबरोबरच्या कागदावर तसं लिहिलेलं असतं. नसलं तर फोन करून विचारायचं. एवढंच ना? माझा राउंड राहिलाय."

फोन ठेवेपर्यंत नव्वद टाइप करायला लागलाही होता. जेवणाच्या सुट्टीच्या आत त्याने काम माझ्या हातात ठेवलं. मी खोटा पेशंट तयार केला आणि त्याला दुपारभर छळलं. दोनला एक मिनिट असताना हलवला, ठीक दोनला हलवला, हलवून परत आणला, लिफ्टमध्ये अडकवून ठेवला. गोळी दर वेळी एकच मिळाली. चुका शोधून पोट भरणारी मी, पण त्या दिवशी एकही सापडली नाही म्हणून इतका आनंद झाला की पाण्याची बाटली सांडली.

बदलीचं बाईंच्या कानावर होतंच. जाताना त्या नव्वदकडे बोट करून साहेबांना म्हणाल्या, "हा इथेच राहील." बाकी कोणाला त्या काही बोलल्या नाहीत.

त्या गेल्यावर नव्वद टेबल आवरत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आठ दिवस मला वाटत होतं, मीच ढ आहे. सगळ्यांचं होतंय, माझंच होत नाही. बायकोलासुद्धा सांगितलं नाही."

"अरे वेड्या, निदान मला तरी सांगायचंस!"

"तुम्ही रोज विचारायचात, ताई, किती झालं," तो म्हणाला. "कुठे अडलंय, ते काल पहिल्यांदा विचारलंत."

रागाने नाही म्हणाला तो. साधं सांगितलं आणि डबा पिशवीत टाकला.