भिंतीतला सांधा

इथं आखातात, मेसईदला आमच्या कंपनी क्वार्टर्सच्या भिंतीला आज नवा गिलावा चाललाय आणि त्या ओल्या वासानं मला फ्लॉरेन्सच्या पायी सहलीतलं ते थंडगार चर्च आठवलं. सुट्टीत वडिलांनाही नेलं होतं. त्यांनी जन्मभर गवंडीकाम केलेलं, पण सहलीत कुणी विचारलं की मी ‘बिल्डिंग लाइनमध्ये होते’ म्हणून वेळ मारून न्यायचो. गाइडबाई सांगत होत्या, भिंतीवरचं हे चित्र ओल्या गिलाव्यावर रंगवलंय, म्हणून रोज रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचे. मग सांगा, किती दिवस लागले असतील? एरवी घरात इंग्रजीच बोलणारी माझी मुलगी मोडक्या मराठीत आजोबांच्या कानात सगळं सांगत होती. वडिलांनी मान तिरकी करून भिंत न्याहाळली. “अकरा. त्यो सांधा बघ, तितं एक दिस संपला.” मुलगी ओरडली, “इलेव्हन!” गाइडबाई चकित झाल्या. “बरोबर! हे कलेचे प्रोफेसर आहेत का?” “नाही, गवंडी!” मी अभिमानानं, मोठ्यानं, चक्क मराठीत म्हणालो आणि मग इंग्रजी शब्द शोधू लागलो. आत्ताही खाली जाऊन मी मान तिरकी करून सांधा शोधला. दिसला नाही. गवंडी पक्का असावा, किंवा वडिलांची नजर मला अजून आलेली नाही.