मीराचा त्रेसष्टावा अर्ज

अठ्ठावीस वर्षं मीरा पेडणेकर माणिकपूरच्या एका नर्सिंग होमच्या खिडकीत बसली. कुणाला कितव्या महिन्यात बोलवायचं, कुणाचा रिपोर्ट यायचाय, कुणाच्या सासूला काय सांगायचं नाही, सगळं तिच्या डोक्यात. मग नर्सिंग होमचे मालक डॉक्टर क्लेमेंट यांचे हात थरथरायला लागले. त्यांचा मुलगा कॅनडातून परत येईना. शेवटी त्यांनी कुलूप घातलं, तेव्हा मीराला अठ्ठेचाळिसावं लागलं होतं.

आचोळ्याच्या घरी लेकीने, ज्ञानदाने, तिची सगळी माहिती एका पानात बसवून दिली आणि आता सगळं ऑनलाइनच असतं म्हणून बजावलं. मीरा काही घाबरली नाही. उभा जन्म लोकांचे फॉर्म भरण्यात गेलेला, त्यात स्वतःचा एक.

पण हे फॉर्म वेगळेच निघाले. आधी ते पान चढवायचं, आणि मग त्यातलंच सगळं पुन्हा एकेका चौकोनात लिहायचं. आधीच्या नोकरीचं नाव यादीतून निवडायचं, तर यादीत तिचं नर्सिंग होम नाही. 'इतर' म्हणावं तर बंद पडलेल्या दवाखान्याची वेबसाइट मागणार. ओटीपी येईस्तोवर त्याची मुदत संपलेली. एकदा सातव्या पानावर पोचली आणि सगळं कोरं झालं. त्या दिवशी वरणाचा कुकर करपला. बासष्ट अर्ज गेले. बऱ्याच जणांनी उत्तर दिलं नाही. काहींचा नकार इतक्या झटपट आला, की तेवढ्यात तिचं नावसुद्धा कुणी वाचलं नसेल. पुढे पुढे नकार आला की ती ज्ञानदाला सांगेनाशी झाली.

त्रेसष्टाव्या अर्जावर मुलाखत लागली. विरारच्या एका हॉस्पिटलात स्वागतकक्षाची जागा. मुलाखत मोबाइलवर, व्हिडिओतून. मीराने इस्त्रीची साडी नेसली, केस बांधले, पंखा बंद केला. ज्ञानदा कामावर गेली होती. फोन डब्याला टेकवून मीरा ताठ बसली. पडद्यावर अक्षरं उमटली: स्वतःबद्दल सांगा. शेजारी नव्वद सेकंद उलटे मोजले जाऊ लागले.

मीराने हात जोडले, "नमस्कार," म्हणाली आणि थांबली. आपण नमस्कार केला की समोरच्याचा येऊ द्यायचा, ही तिची रीत. पलीकडून काहीच येईना. आवाज जात नसेल म्हणून तिने विचारलं, "ऐकू येतंय का?" थोडं थांबून पुन्हा विचारलं. तोवर पंचवीस सेकंद उरले. घाईघाईने नाव सांगितलं, नर्सिंग होमचं नाव सांगितलं, आणि पडदा पुढच्या प्रश्नावर गेला. पुढच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिने दिली. दुपारच्या चहापर्यंत नकार आला.

संध्याकाळी तिने ज्ञानदाला सगळं सांगितलं.

"अगं आई, समोर कुणी नसतंच. नुसतं रेकॉर्डिंग होतं ते."

"मग मला बघणार कोण होतं?"

ज्ञानदाने पर्स खुंटीला अडकवली. मग म्हणाली, "आधी मशीन बघतं."

मीरा रागावली नाही, रडलीही नाही. साडी बदलून आडवी झाली. दिवसाला सत्तर पेशंट असायचे तेव्हाही आपल्याला इतका शीण आला नव्हता, एवढंच ती म्हणाली. पुढचा महिनाभर तिने एकही अर्ज भरला नाही.

पावसाळा सरल्यावर माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर वटार गावची ग्रेसी भेटली. तिची दोन्ही बाळंतपणं मीराच्या खिडकीसमोरून झालेली. आता थोरली एलिसा दातांची डॉक्टर होती, चर्चजवळ दवाखाना थाटून बसलेली. तिला पेशंट सांभाळता येत होते, फोन सांभाळता येत नव्हता. ग्रेसीने भिडस्तपणे विचारलं, येशील का, अर्धा दिवसच आहे, पगार पूर्वीसारखा नाही जमायचा.

मीराने वेळ विचारली, बाकी काही नाही.

सोमवारी एलिसाने वहीत तिचं नाव आणि नंबर लिहून घेतला आणि टेबल दाखवलं. एलिसा आणखी काही विचारेल म्हणून मीरा उभीच राहिली.

"बसा ना, मावशी," एलिसा म्हणाली.

मीरा बसली. बाकावर गाल सुजलेला एक म्हातारा डोळे मिटून होता. तिने त्याला नाव विचारलं. त्याने ते सांगितलं, आणि कधीपासून दुखतंय तेही सांगू लागला. बराच वेळ सांगत राहिला. मीराने ऐकून घेतलं.